८० वरून ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं, एस्टिमेट २३,८०० चं. यातलं खरंच काय बदलायला लागेल?

जुळेसोलापूर_१३

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. रनिंग ६४,०००, एबीएस आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. तक्रारी तीन आहेत.

तुळजापूर रोडला ८०-९० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं. गावात ४० च्या आत काहीच जाणवत नाही. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाऊन लागतं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि कडक लागतं. शिवाय डाव्या पुढच्या चाकातून ब्रेक दाबताना किर्र असा बारीक आवाज येतो.

गॅरेजमध्ये एक चक्कर मारून बघितली आणि चाक न खोलताच एस्टिमेट दिलं: पुढचे पॅड २,४००, दोन्ही डिस्क ६,८००, मागचे शू (ड्रमला आतून घासणारे) २,१००, मास्टर सिलेंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा) ४,२००, दोन कॅलिपरचं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ओव्हरहॉलिंग ३,०००, ब्रेक ऑइल ७००, लेबर ४,६००. एकूण २३,८००. ब्रेकच्या बाबतीत कंजूषपणा करायचा नाही, पण चांगले पार्ट फेकूनही द्यायचे नाहीत. कुठून सुरुवात करू?

---

पाना_दहाबारा

सुरुवात चाक खोलण्यापासून करा. सात ओळींचं एस्टिमेट आहे आणि एकाही ओळीसमोर मोजमाप नाही. पॅड किती मिमी उरलाय, डिस्क किती जाडीची आहे, हे आकडे नसताना कोणता पार्ट बदलायचा हे कुणालाच सांगता येत नाही. गॅरेजवाल्यालाही नाही आणि इथे लिहिणाऱ्या आम्हालाही नाही.

आधी थरथर बघू. सपाट रस्त्यावर, ब्रेक न दाबता, ८०-९० ला स्टीअरिंग हलकं धरा. तेव्हाही थरथरत असेल तर तो चाकाच्या बॅलन्सिंगचा किंवा टायरचा प्रश्न, ब्रेकचा नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर आणि स्टीअरिंगमध्येच हादरा येत असेल तर पुढच्या डिस्क बघायच्या. स्टीअरिंग शांत आहे पण सीटखाली आणि पेडलमध्ये धडधड येते, असं असेल तर मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत.

"डिस्क वाकडी झाली" असं सगळीकडे म्हणतात. खरं तर डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होते. हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या, तोंडावर गंज असतो किंवा नट एकसारखे आवळलेले नसतात, त्यामुळे डिस्क बसतानाच किंचित तिरकी बसते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिची एक जागा पॅडला चाटून जाते. काही हजार किलोमीटरमध्ये तिथे ती पातळ होते. ०.०२ मिमीचा फरकसुद्धा वेगात हाताला कळतो. पंक्चरच्या दुकानात गनने किंवा पान्याला लांब पाइप लावून नट आवळतात, तिथून या तक्रारीची सुरुवात फार वेळा होते.

एवढा फरक व्हर्नियरवर दिसणार नाही. ० ते २५ मिमीचा, ०.०१ वाचणारा मायक्रोमीटर लागेल. कडेपासून १० मिमी आत, गोलावर आठ ठिकाणी मोजायचं आणि आठही आकडे कागदावर लिहायचे. व्हर्नियरने निदान सरासरी जाडी तरी मोजू म्हणाल तर एक अडचण येते. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली गंजाची कड उभी असते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. उपाय सोपा आहे: दोन्ही बाजूंना एकेक सारखं रुपयाचं नाणं आत धरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. किमान जाडी डिस्कवरच, मधल्या टोपीवर किंवा काठावर कोरलेली असते. गंजाखाली झाकली असेल तर वायर ब्रशने घासा, आकडा दिसेल.

पॅडची जाडी मोजताना मागची लोखंडी पाटी धरायची नाही, फक्त घासणारा थर मोजायचा. नवीन पॅडला तो साधारण १० मिमीच्या आसपास असतो. ३ मिमीला बदलायची तयारी ठेवा, २ च्या खाली अजिबात चालवू नका. एका चाकाचे आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड वेगवेगळे मोजा. चाकाच्या फटीतून डोकावलं की फक्त बाहेरचा दिसतो, आणि झिजलेला बहुधा आतला असतो. तुमचा किर्र आवाज तोच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पॅडला पत्र्याची छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून आवाज करते, तिचं कामच ते आहे.

आता पेडल. इंजिन चालू ठेवून पेडल एकदा दाबा, सोडा, लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा उंचावर आणि कडक लागलं तर मागच्या शूचं ॲडजस्टमेंट गेलंय. शू ड्रमपासून लांब राहिलेत आणि पहिला दाब ते अंतर भरण्यातच खर्च होतो. दुसऱ्यांदाही स्पंजासारखं दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. आणि पेडल एकसारख्या दाबाने ३० सेकंद धरून ठेवल्यावर ते हळूहळू खाली सरकत गेलं, बाहेर कुठेही गळती दिसत नसली, तर मास्टर सिलेंडरचे आतले रबर गेलेत. तुम्ही लिहिलेलं लक्षण पहिल्या प्रकारचं आहे. म्हणून त्या ४,२०० च्या ओळीवर मी आधी बोट ठेवेन. ही चाचणी घ्यायला अर्धा मिनिट लागतो आणि एकही पान्याची गरज नाही.

---

पावती_हवीच

तांत्रिक बाजू वर आली आहे. मी गॅरेजशी बोलायचं कसं तेवढंच लिहितो.

"मोजमाप माझ्यासमोर करा, आकडा एस्टिमेटवर लिहा" एवढं एकच वाक्य गाडी आत लावायच्या आधी बोला. चांगला फिटर याला नाही म्हणत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. खोलून मोजण्याची मजुरी वेगळी मागितली तर ती द्या, तो त्याचा हक्क आहे. पण आकडे घेऊन दुसरीकडे जायची मोकळीक ठेवा. जॉब कार्डवर "विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये" असं लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि काढलेले सगळे पार्ट नव्या पार्टच्याच खोक्यात घालून डिकीत ठेवायला आधीच सांगा. काम संपल्यावर मागितले तर भंगारात गेलेले असतात.

लेबरचे ४,६०० फोडून मागा. पुढचं चाक एकदाच खोललं जातं. पॅड काढल्याशिवाय डिस्क निघत नाही आणि कॅलिपर बाजूला केल्याशिवाय पॅड निघत नाहीत. तरीही बिलात पॅड बदलण्याचं लेबर, डिस्क बदलण्याचं लेबर आणि "ब्रेक क्लीनिंग-ग्रीसिंग" अशा तीन वेगळ्या ओळी पडतात. एकाच उघडण्यात होणाऱ्या कामाचे तीनदा पैसे लागत नाहीत, हे शांतपणे दाखवून दिलं की बहुतेक ठिकाणी दुरुस्ती होते.

पार्टच्या खोक्यावर एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि पार्ट नंबर असतो. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर १८ टक्के दर आहे. त्याआधीची, २८ टक्क्यांच्या काळातली किंमत सांगत असतील तर विचारा. बिलात जीएसटीची ओळ असेल तर १५ अक्षरांचा नंबर छापलेला हवा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. नंबर नसलेल्या छोट्या गॅरेजला जीएसटी वेगळा आकारता येत नाही. त्यांचं साधं बिलही चालतं, फक्त बिल हवंच.

पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून काढायला लावा. एकाच मॉडेलला मधल्या वर्षात कॅलिपर बदललेला असतो आणि "याच गाडीचा पॅड आहे, थोडा घासून बसेल" असं ऐकू येतं. घासून बसवलेला पॅड घ्यायचा नाही. पार्ट तुम्ही बाहेरून आणणार असाल तर गॅरेज फक्त मजुरीची जबाबदारी घेईल, पार्टची नाही. हे आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर दोन दुकानांमध्ये चेंडू होत नाही.

आणि वाद झालाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गॅरेजवाल्याला गाडी अडवून ठेवता येते, करार कायद्याच्या कलम १७० मध्ये तसं आहे. म्हणून तिथे भांडत बसण्यापेक्षा बिलावर "मान्य नाही, हरकत नोंदवून पैसे देत आहे" असं लिहून, त्याचा फोटो काढून पैसे भरा आणि गाडी सोडवा. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, नाही मिटलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बिल द्यायला नकार देणं हीच २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

---

जुळेसोलापूर_१३

दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त खोलून मोजायला लावलं. समोर उभा राहून आकडे लिहून घेतले.

डावं पुढचं: आतला पॅड २.५ मिमी, बाहेरचा ६. डिस्क कमीत कमी १६.०८ आणि जास्तीत जास्त १६.१२. कोरलेला किमान आकडा १५. डायल गेजवर (सुईचं बारीक मापक) फिरवताना ०.०९ चा हेलकावा. कॅलिपरची खालची पिन हाताने हलत नाही, तिचं रबर फाटलंय. पिस्टन मात्र क्लॅम्पने सरळ आत गेला.

उजवं पुढचं: पॅड ५ आणि ५.५, डिस्क १६.२० ते १६.२१, दोन्ही पिना मोकळ्या.

मागे शूचं लायनिंग दोन्हीकडे २.५ मिमी, कोरडं. डावा व्हील सिलेंडर (ड्रममधले शू ढकलणारा) रबराखाली ओला आहे. डावा ॲडजस्टर गंजून जाम. पेडल ३० सेकंद धरलं, खाली गेलं नाही. ब्रेक ऑइल काळपट, पेन टेस्टरने ३ टक्क्यांच्या वर पाणी दाखवलं. ऑइल आजवर बदललंय का याची नोंद सापडत नाही.

---

होटगीरोडचं_लेथ

डिस्कचं सांगतो. कोरलेला आकडा १५, तुमची सगळ्यात पातळ जागा १६.०८. म्हणजे वापरायला अजून १ मिमीहून जास्त जाडी शिल्लक आहे. नव्या डिस्क घ्यायचं कारण नाही. डाव्या डिस्कचा जाडीतला फरक ०.०४ आहे, थरथर त्याचीच. उजवी चांगली आहे.

पण लेथला लावायच्या आधी हब साफ करा, नाहीतर लेथचा खर्च वाया जाईल. डिस्क काढा, हबच्या तोंडावरचा आणि डिस्कच्या आतल्या बाजूचा गंज वायर ब्रशने अगदी धातू चमकेपर्यंत काढा. स्टडच्या बुडाशी गोल गंज साठतो, तो बहुतेक जण सोडून देतात आणि नेमका तोच डिस्कला उचलून धरतो. मग डिस्क बसवा, चारही नट वॉशर घालून आवळा आणि डायल गेज पुन्हा लावा. तरी हेलकावा ०.०५ च्या वर असेल तर डिस्क काढून एक स्टड पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. चार जागांपैकी एक जागा बहुधा चांगली निघते. तिथे खडूने खूण करा.

लेथवर डिस्क मधल्या भोकावर आणि हबला टेकणाऱ्या तोंडावर धरली पाहिजे. बाहेरच्या काठाला चकमध्ये पकडली तर काठाचा गंज धरूनच ती फिरते आणि नवीन तिरकेपणा कापला जातो. दोन्ही तोंडं एकाच सेटिंगमध्ये मारायला सांगा. तुमच्या डिस्कला प्रत्येक बाजूने ०.१५ पुरेल, म्हणजे जाडी १५.८ च्या आसपास राहील. उजवीला जाडीचा प्रश्न नाही, पण नवीन पॅड टाकणार आहात म्हणून तिलाही ०.१० चा हलका हात मारा, म्हणजे दोन्ही चाकांचा पृष्ठभाग एकसारखा होईल. शेवटी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल-तिरक्या रेघा मारायच्या. आणि एक काम हमखास राहून जातं: डिस्क साबणाच्या पाण्याने धुवा, पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं येणं थांबेपर्यंत पुसा. लेथची बारीक पूड राहिली तर ती नव्या पॅडमध्ये रुतते आणि पहिल्या दिवसापासून आवाज सुरू होतो.

---

पाना_दहाबारा

आकडे आले, आता बोलता येतं. डिस्कचे ६,८००, मास्टरचे ४,२०० आणि ओव्हरहॉलिंगचे ३,००० मिळून १४,००० सरळ बाजूला झाले. शूचं २.५ मिमी लायनिंग कोरडं आहे, तेही राहू द्या. बहुतेक गाड्यांत १ मिमीला बदलतात. त्यावर तेल आलं असतं तर मात्र जाडी न बघता दोन्हीकडचे शू काढायला लागले असते. तेल प्यालेलं लायनिंग धुऊन किंवा भाजून पूर्ववत होत नाही.

डाव्या चाकाची गोष्ट एका पिनेची आहे. खालची पिन जाम झाली, कॅलिपर सरकेना, म्हणून पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकटाच काम करत राहिला आणि २.५ वर आला. नवा पॅड टाकून पिन तशीच ठेवली तर हेच पुन्हा होईल. पिन काढा, फाटलेल्या रबरातून गेलेली धूळ आणि वाळलेलं ग्रीस भोकातून साफ करा, पिनवर खड्डे पडले असतील तर पिन बदला. रबराचं किट चारही पिनांना नवीन घाला. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच लावा, पातळ थर. गॅरेजच्या डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर ते रबर फुगवतं आणि पिन पुन्हा जाम होते. पिन आत ढकलून सोडल्यावर हवेने हळूच बाहेर आली पाहिजे, असं बसलं की बरोबर. पॅड एका चाकाला बदलायचे नसतात, पुढचा पूर्ण सेट टाका. पॅडचे कान जिथे ब्रॅकेटमध्ये सरकतात ती जागाही घासून साफ करा, तिथला गंज पॅड धरून ठेवतो.

पिस्टन आत ढकलताना ब्लीडर (तेल आणि हवा काढायचा बारीक स्क्रू) किंचित सैल करून त्याला पारदर्शक नळी लावा आणि कॅलिपरमधलं काळं तेल बाहेर जाऊ द्या. नाहीतर तोच गाळ मागे एबीएसच्या ब्लॉकमध्ये जातो. ब्लीडर बंद केल्याशिवाय क्लॅम्प सैल करायचा नाही.

व्हील सिलेंडर दोन्हीकडचे नवीन घ्या. उजवा आज कोरडा असला तरी वय तेच आहे आणि हा पार्ट महाग नाही. तपासायची रीत सगळ्यांसाठी लिहितो: ड्रम काढल्यावर सिलेंडरच्या टोकाचं रबर बारीक स्क्रूड्रायव्हरने अलगद उचला. आत कोरडी धूळ दिसली तर ठीक. किंचित ओल चालते. थेंब ओघळला किंवा काळा चिखल चिकटलेला दिसला की सिलेंडर गेला. ड्रम निघत नसेल तर हातोडीने ठोकत बसू नका. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम स्वतःच उचलला जातो. हँडब्रेक खाली असला पाहिजे, आणि म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळा लावलेला पाहिजे. नुसत्या जॅकवर काम नको, घोडी (गाडीखालचा स्टँड) लावा. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ब्रेक क्लीनर मारून ओली करून काढायची. ती फुप्फुसात जाते.

ॲडजस्टर खोलून आटे साफ करा. चाक हाताने फिरवताना शू अगदी हलका घासल्याचा आवाज येईल इतपत चक्री पुढे आणा. शूचं ॲडजस्टमेंट आधी, हँडब्रेकची केबल नंतर. उलटं केलं की शू कायम टेकलेले राहतात. हँडब्रेक साधारण ५ ते ८ टिकटिकमध्ये लागला पाहिजे.

शेवटी ऑइल. सीलबंद डबा, एकूण १ लिटर लागेल धरा. टाकीतलं जुनं तेल सिरिंजने काढा, नवीन भरा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने चारही चाकं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर पाव फेरा सैल करून नळीतून तेल जाऊ द्यायचं, ब्लीडर बंद, मगच पेडल सोडायचं. नळीत स्वच्छ तेल, बुडबुडा नाही, असं होईपर्यंत. टाकी खालच्या खुणेच्या वरच ठेवा. रिकामी होऊन एबीएसमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावल्याशिवाय ती निघत नाही.

आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, ते पार तळाला जाऊ देऊ नका. रोजच्या वापरात मास्टर सिलेंडरचं रबर ठराविक अंतरच सरकतं. त्याच्या पुढच्या भागात इतक्या वर्षांत गाळ आणि गंज बसलेला असतो. पेडल तळापर्यंत गेलं की रबर त्यावर घासून फाटतं. "ऑइल बदललं आणि दुसऱ्या दिवशी मास्टर गेला" ही तक्रार यातूनच येते, आणि तुमचा मास्टर आज चांगला आहे.

---

बालाघाट_उतार

ऑइलबद्दल थोडी भर. ऑइलच्या टाकीच्या टोपीवर डॉट ३ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) लिहिलं असेल तरी आपल्याकडे डॉट ४ घाला, दोन्ही एकाच जातीची आहेत. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०. पण हे तेल हवेतलं पाणी ओढतं. ३.७ टक्के पाणी गेलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. तुमचं तेल ३ च्या वर आहे म्हणजे त्याच्या जवळच आहे. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, तुळजापूरहून सोलापूरकडे घाट उतरताना पाच माणसं, सामान आणि पाय सतत ब्रेकवर. कॅलिपरमधलं तेल उकळलं तर लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल एकदम खाली जातं. उताराला गाडी चढताना लागते त्याच गिअरमध्ये उतरवा, दुसरा किंवा तिसरा, आणि ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबून सोडा. सारखा हलका पाय ठेवू नका. तेल दर २ वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला बदला, जे आधी येईल ते. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं तेल मात्र यात कधीही नको, नुसत्या आकड्यावर जाऊन घेऊ नका.

वर एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. शू २.५ मिमी असले तरी ड्रम आतून बघा. काठाला उभी कड आली असेल तर ती लेथवर काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी ड्रम निघताना शू ओढून आणतो. ड्रमचा कमाल व्यास त्यावरच कोरलेला असतो, त्याच्या वर गेला असेल तर लेथ नाही, नवाच ड्रम.

टाकीतली पातळी थोडी खाली दिसली म्हणून वरून तेल भरू नका, हेही सांगून ठेवतो. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि तेवढं तेल कॅलिपरमध्ये राहतं, त्यात गळती नसते. वरून भरलं तर नवे पॅड टाकताना तेच तेल टाकीतून बाहेर येऊन रंगावर सांडतं आणि रंग सोलतो. सांडलंच तर फडक्याने पुसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

गाडी धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. उन्हातून लांबून आल्या आल्या चाकांवर पाइपचं थंड पाणीही नको, अर्धा तास थांबा.

---

जुळेसोलापूर_१३

काम झालं. पुढचे पॅड, पिनांचं रबर किट, दोन व्हील सिलेंडर, दोन्ही डिस्कना लेथ, १ लिटर डॉट ४, मागचं ॲडजस्टमेंट. जुने पार्ट डिकीत आहेत, बिलात मोजमापाची प्रत जोडून घेतली. पेडल वर आलंय, किर्र आवाज गेला. पण ब्रेक पूर्वीइतका पकडत नाही आणि पहिल्या दिवशी चाकाजवळ थोडा जळका वास आला. थरथर अजून ८० ला तपासली नाही.

---

पाना_दहाबारा

पॅड अजून डिस्कशी जुळलेले नाहीत, म्हणून पकड कमी आहे. पहाटे रिकामा सरळ रस्ता बघा, मागे कुणी नको. ६० वरून मध्यम दाबाने १० पर्यंत आणा, पूर्ण थांबू नका, परत ६० ला जा. मध्ये अर्धा किलोमीटर तरी ब्रेक न लावता चालवा. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर पाच-सात किलोमीटर ब्रेक फार न वापरता चालवून थंड होऊ द्या. गरम असताना पेडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा थर त्याच जागी डिस्कवर चिकटतो आणि थरथर परत येते. पुढचे २००-३०० किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि विनाकारण जोरात ब्रेक मारू नका.

नवीन पॅडचा वास या काळात येतो आणि तो दोन्ही चाकांजवळ सारखाच आला पाहिजे. १५-२० किलोमीटर चालवून उतरलात की चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. पुढची दोन एकमेकांइतकीच गरम हवीत. डावं एकटंच तापलेलं लागलं तर पिन किंवा पिस्टन अजून मोकळा नाही. तेव्हा ते चाक उचलून हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडर किंचित सैल करा. तेल उडून चाक लगेच मोकळं झालं तर कॅलिपर नाही, रबरी होज आतून सुजलाय आणि तेल परत येऊ देत नाही. सैल करूनही जडच राहिलं तर दोष कॅलिपरमध्ये.

चाकाचे नट १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या, गाडी थंड असताना, टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने. बहुतेक छोट्या गाड्यांत आकडा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा मॅन्युअलमध्ये बघा. ८० ची थरथर त्यानंतर तपासा आणि इथे कळवा. हब साफ केल्यावर डायल गेज किती दाखवत होता तेही लिहा, तो आकडा तुमच्या यादीत आलेला नाही.

---

जुळेसोलापूर_१३

हब साफ करून डिस्क एक स्टड फिरवल्यावर डावीकडे ०.०३, उजवीकडे ०.०२. खडूची खूण केली आहे. रविवारी पहाटे विजापूर रोडला पॅड बसवायला जातो, मग लिहितो.